डॅनीच्या पायाखालची फळी

१

चोर घरात शिरला. भिंतीवरच्या शंभर वर्षं जुन्या फिडलला, म्हणजे व्हायोलिनला, त्याने हात लावला नाही. कपाटातल्या चांदीच्या चमच्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. रेडिओवाल्यांनी दिलेली सोनेरी तबकडीही चौकटीतून काढली नाही. जाताना त्याने नेला तो स्वयंपाकघरातल्या जमिनीचा चार फुटी तुकडा.

ही गोष्ट सगळ्यात आधी कळली ती लॉकीला, आणि तीसुद्धा पायाने.

लॉकी पियानो सुरात लावणारा माणूस. वय सदुसष्ट, लग्न झालेलं नाही, आणि केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर असा एक पियानो नव्हता ज्याच्या पोटात त्याने डोकं घातलेलं नव्हतं. मे महिना लागला, खाडीतला बर्फ फुटायला लागला, की तो ग्लेन नावाच्या दरीतल्या मॅक्लेननांच्या घरी यायचा. ते घर आता संग्रहालय होतं. डॅनी अ‍ॅलन रोरी मॅक्लेनन तिथे जन्मला, तिथेच वाजवत म्हातारा झाला आणि तिथेच गेला, त्याला चौदा वर्षं झाली. (नाव लांबलचक, पण त्यातलं त्याचं स्वतःचं एकच, पुढची बापाची आणि आजोबांची. अर्ध्या ग्लेनचं आडनाव मॅक्लेनन असताना दुसरं करणार काय?) त्या स्वयंपाकघरात बसून डॅनीने वाजवलेलं रेडिओवरून बोस्टनपर्यंत ऐकलं जायचं. फिडलखाली पाय दणादण वाजायचा, आणि ‘डॅनीचा पाय’ म्हटलं की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या पायाने जमिनीच्या फळीत पडलेले दोन खळगे, एक खोल आणि एक उथळ, हेच त्या घराचं दैवत. पाहुण्याने यायचं, डॅनीच्या खुर्चीत बसायचं, खळग्यांत पाय ठेवायचे आणि फोटो काढून घ्यायचा.

त्या मंगळवारी मोरागने मागचं दार उघडलं. ती बारा वर्षांपासून या घराची राखण करत होती आणि मागच्या खोलीत राहत होती. घर हेच, नोकरीही हीच.

“आलात?”

“आलो.”

“बूट.”

लॉकीने बूट दाराशी काढले. त्या भागात राजा आला तरी बूट दाराशीच. मोरागने त्याच्या पुढ्यात जाड तळाच्या सपाता टाकल्या.

“जमीन गार आहे,” ती म्हणाली. “चहा ठेवते. दूध थोडंसंच ना?”

“थोडंसंच.”

बारा वसंत ऋतूंत दोघांचं बोलणं याहून फारसं लांब गेलं नव्हतं.

लॉकी खिडकीपाशी पियानोसमोर गुडघा टेकून बसला आणि त्याने पियानोचं खालचं झाकण उघडलं. डावा गुडघा ठणकला. गेली बारा वर्षं हा पियानो लावताना तो ठणकायचाच, अलीकडे तर फारच. म्हातारपणाशी वाद कोण घालणार? त्याने तारांमध्ये फेल्टची पट्टी सरकवली, नादकाटा मांडीवर आपटून कानाशी धरला आणि तासभर जगाकडे पाठ केली. पियानो लावताना घरातली माणसं उठून जातात. एकच सूर चाळीसदा ऐकणं कोणालाच सोसत नाही. लॉकीला याची सवय होती. त्याने पाहिलेल्या बहुतेक घरांत त्याला माणसांची पाठच दिसलेली होती.

मधल्या सप्तकाचं काम उरकलं तेव्हा तो उठला, चार पावलं मागे सरला, आणि डॅनीच्या खुर्चीखालच्या चटईवर त्याचा पाय पडला.

पाय पोटरीपर्यंत आत गेला.

२

आता इथे लॉकीने जे केलं ते त्याला पुढे चार दिवस चावत राहिलं. मोराग चहाचा कप घेऊन दारात उभी होती, पांढरीफटक. तिला काही विचारायच्या आधी त्याने फोन उचलला आणि ह्यू फ्रेझरला बोलावलं.

ह्यू संग्रहालयाच्या समितीचा अध्यक्ष. गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान. तो आला तो गाडीचं दार उघडं टाकूनच. खड्डा पाहिला. मग डॅनीच्या खुर्चीत बसला, आणि बसल्यावर लक्षात आलं की पाय ठेवायला जागाच नाही, म्हणून पुन्हा उठला.

“शनिवारी घर उघडायचं आहे,” तो म्हणाला. “तीस माणसं येणार आहेत. बोस्टनची ती मिस प्रॅट तर आजच आली आहे. आणि मी त्यांना काय दाखवू? उंदराचं बीळ?”

“मला माहीत नाही,” मोराग म्हणाली.

“दार फोडलेलं आहे?”

“नाही.”

“खिडकी?”

“नाही.”

“किल्ल्या किती?”

मोरागचा हात गळ्याशी गेला. किल्ली एकच, आणि ती तिच्या गळ्यातल्या दोरीला.

“ह्यू, अरे जरा दमाने,” लॉकी म्हणाला.

“दमाने काय? तू पियानो लाव. हे बघ मोराग, मी वाईट माणूस नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फळी जागेवर दिसली, तर मी एक शब्द विचारणार नाही. नाही दिसली, तर शनिवारी सकाळी पोलीस येतील, आणि तू सामान बांधून ठेव. समितीत दुसरं मत पडणार नाही.”

ह्यू गेला. मोरागने थंड झालेला चहा ओतून टाकला आणि दुसरा केला.

“तुम्ही काहीच का बोलला नाहीत?” लॉकीने विचारलं.

“दूध थोडंसंच ना?” मोराग म्हणाली, आणि कप ठेवून मागच्या खोलीत गेली. दार लागलं.

लॉकी खड्ड्यापाशी बसला. मोराग पन्नाशीची, नवरा समुद्राने नेलेला, मूल नाही, आणि त्या मागच्या खोलीपलीकडे तिला जगात जागा नाही. आणि तिच्यावर हे आणलं कोणी? फोन उचलणाऱ्या शहाण्याने.

त्याने बॅटरी काढून आत पाहिलं. फळीखालच्या आडव्या तुळयांवर धुळीचा पातळ थर होता आणि एका कोपऱ्यात कोळ्याने छानपैकी जाळं विणलं होतं. खिडकीच्या कठड्यावर एका बशीत काढलेले खिळे सरळ करून, एका बाजूला टोकं करून ठेवलेले. लॉकीने सवयीने मोजले. पियानोत दोनशेवर खुंट्या असतात, मोजायची खोडच लागते. सात खिळे. तुळयांवर भोकं आठ.

चोर, आणि इतका नीटनेटका?

३

मिस प्रॅट ह्यूच्या दुकानावरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. तिची आजी ग्लेनमधली. तेवढ्या बळावर ती दर वर्षी येऊन ग्लेनवाल्यांत स्वतःला धरून “आपण” म्हणायची.

“गेल्या शरद ऋतूत तुम्ही ती फळी विकत मागितली होती,” लॉकीने सरळच विचारलं.

“मागितली होती! मी म्हटलं, वाट्टेल ते घ्या. आपल्या पूर्वजांची आठवण माझ्या बैठकीत असती. ह्यूने मला दार दाखवलं.” ती थबकली. “का? काय झालं?”

“चोरीला गेली.”

मिस प्रॅट मटकन बसली आणि तिला खरंच रडू कोसळलं. लॉकीला बायकांच्या रडण्याची सवय नव्हती. त्याने तिला नादकाटा पुसायचा रुमाल दिला.

“तुम्ही कधी आलात?”

“आज सकाळच्या विमानाने. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. माझ्यावर संशय आहे का?” तिचे डोळे चमकले. “खरंच संशय आहे?”

“नाही हो,” लॉकी म्हणाला, आणि तिचा चेहरा पडला. खड्ड्यात कोळ्याचं जाळं होतं, धूळ बसली होती. फळी जाऊन निदान तीन आठवडे झाले होते. आज सकाळी उतरलेल्या बाईचं ते काम नव्हे.

राहिला आर्ची जो. ग्लेनच्या दुसऱ्या टोकाचा, ऐंशीला टेकलेला, तोही फिडल वाजवणारा, आणि मॅक्लेनन हे नाव काढलं की थुंकणारा. एका घोड्यावरून दोन घराण्यांचं बिनसलं होतं. घोडा मरून साठ वर्षं झाली होती. एवढा राग असलेला माणूस त्या परिसरात दुसरा नव्हता, आणि तो सुतारकामही जाणत होता.

आर्चीने दार उघडलं ते एका हाताने. डाव्या हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत प्लास्टर.

“ईस्टरला बर्फावरून घसरलो,” तो म्हणाला. “ये. बूट काढ. पियानो नाही माझ्याकडे.”

“ठाऊक आहे. डॅनीची फळी गेली.”

आर्ची इतका हसला की त्याला खोकला आला.

“मी नेली असती! देवाशपथ, मी नेली असती आणि चुलीत घातली असती. पण या हाताने मला पावाला लोणी लावता येत नाही. परवा मांजराने माझ्या ताटलीतलं मासळीचा तुकडा उचलला, मी फक्त बघत बसलो.” त्याने किटली उजव्या हाताने कशीबशी ठेवली. घरात दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर एकच कप होता, आणि दुसरा शोधायला त्याला बराच वेळ लागला. “आणि कसली ती फळी रे? डॅनीचा पाय, डॅनीचा पाय! माझा बाप वाजवायचा तेव्हा मांडणीतल्या बशा खाली यायच्या. डॅनीचा पाय मला कधी ऐकूसुद्धा आला नाही.”

“जळतोस तू अजून.”

“जळतोच. पण खोटं नाही बोलत. भांडणाआधी मी जायचो ना त्यांच्या घरी, पोरगा असताना. त्याची आई माहितीये? गोठ्यातले बूट घालून कोणी उंबरा ओलांडला तर झाडू घ्यायची. डॅनीला वेगळे बूट कुठून? मांजरासारखा बसायचा तो, लोकरीच्या मोज्यांत. शेवटपर्यंत तसाच, म्हणे. आईचा धाक, दुसरं काय!”

लॉकी चहा पिऊन निघाला. आर्ची दारात उभा राहिला.

“उद्या येतोस का?” त्याने विचारलं. “म्हणजे तपासाला. मला अजून काही आठवेल.”

गाडी सुरू करता करता लॉकी थांबला. चावी तशीच हातात.

लोकरीच्या मोज्यांनी लाकडाला खळगा पडतो?

४

बुधवारी सकाळी तो पुन्हा मॅक्लेननांच्या घरी गेला आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभा राहिला. हा फोटो सगळ्या जगाने पाहिलेला: पत्रकावर हाच, तबकडीच्या वेष्टनावर हाच. डॅनी, हनुवटीखाली फिडल, उजवा पाय हवेत उचललेला. आणि पायात जाड लोकरीचा मोजा, अंगठ्यापाशी रफू केलेला. बारा वर्षं येणारा जाणारा तो फोटो पाहत होता आणि खाली खळगे पाहत होता, आणि दोन्हींचा मेळ कोणी घालून पाहिला नव्हता.

त्याने ग्रामोफोनवर तबकडी लावली. दण, दण, दण. टणक टाचेचा आवाज. मोज्याचा नव्हे.

मग तो पाय कोणाचा?

लॉकी सवयीने पियानोकडे गेला आणि गुडघा टेकला. ठणकला. त्याने शिवी हासडली, आणि शिवी अर्धी राहिली.

पूर्वी दुखत नसे. डॅनी जिवंत असताना तीस वर्षं तो याच पियानोपाशी असाच गुडघा टेकत होता, आणि गुडघा कसा मऊ जागी बसल्यासारखा बसायचा. तेव्हा पियानो या खिडकीपाशी नव्हता. समितीने घर ताब्यात घेतल्यावर ह्यूने उजेडासाठी तो हलवला. आधी तो होता पलीकडच्या भिंतीला, जिथे आता डॅनीची खुर्ची आहे. जिथे खड्डा आहे.

तीस वर्षं त्याचा गुडघा त्या खळग्यात बसला होता.

तर ती फळी डॅनीची नव्हतीच. ती होती पियानो वाजवणाऱ्याची: डावी टाच ताल धरणारी, म्हणून खोल खळगा; उजवी टाच पेडलपाशी टेकलेली, म्हणून उथळ. आणि त्या घरात पियानो एकच जण वाजवायचं. डॅनीची धाकटी बहीण एफी. आता शहाऐंशी वर्षांची, चार वर्षांपासून शहरातल्या वृद्धाश्रमात.

लॉकीने खिशातली वही काढली. गेल्या आठवड्यातली नोंद त्याच्याच अक्षरात होती: वृद्धाश्रमाचा फोन. बैठकीतल्या पियानोच्या पट्ट्या अडकतात. चार वर्षांत त्यांनी त्याला एकदाही बोलावलं नव्हतं. नर्सबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “इतके दिवस शोभेचा होता हो, हल्ली कोणीतरी वाजवायला लागलंय.”

एफी स्वतः येऊन जमीन उकलणार नाही. मग कोणी?

त्याने पायांतल्या सपातांकडे पाहिलं. आजही मोरागने त्याच पुढ्यात टाकल्या होत्या. बारा वर्षांत त्याने या घरात मोज्यांनीच काम केलं होतं. यापेक्षा कितीतरी गार वसंतांत. जाड तळाच्या सपाता यंदाच का? कारण खिळे आठ होते आणि सापडले सात. आठवा कुठेतरी जमिनीवर, टोक वर करून पडला असेल, ही भीती ज्याला होती त्यानेच सपाता दिल्या. आणि ही भीती मंगळवारी सकाळी, खड्डा सापडायच्या तासभर आधी, एकाच माणसाला असू शकत होती. खड्ड्यावर चटई टाकणारं, आणि चटईवर कोणी पाय देऊ नये म्हणून वर खुर्ची ठेवणारंही तेच.

मागे कोणीतरी उभं असल्याचं त्याला कळलं.

“कळलं ना?” मोराग म्हणाली.

लॉकी तिला वाचवायला निघाला होता, आणि त्याने तिलाच पकडलं होतं.

५

“मला वाटलं होतं, तुम्हाला दिसणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही आलात की पियानोकडे तोंड करता ते जाईपर्यंत. मागे वळून कधी बघितलंत?”

“मला सांगायचं होतंत.”

“बारा वर्षांत तुम्ही मला काय विचारलंत, लॉकी?”

मग मोरागने सगळं सांगितलं. ती दर रविवारी बसने एफीला भेटायला जायची, कारण दोघींनाही दुसरं कोणी नव्हतं. एफी पियानोसमोर बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. डॉक्टर म्हणायचे, संधिवात. एफी म्हणायची, डॉक्टर गाढव आहे. खाली सिमेंट, वर प्लास्टिकचं कातडं. टाच मारली तर जमीन मुकी. पाय बोलला नाही तर हात कसे चालणार? मग एप्रिलमध्ये मोरागने एक एक करून खिळे उपटले, फळी घोंगडीत गुंडाळली आणि बसमध्ये चढली.

“ड्रायव्हर म्हणाला, शवपेटीचं झाकण आहे का? मी म्हटलं, हो. मग त्याने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.”

“हे ह्यूला का नाही सांगत?”

“सांगितलं तर तो फळी परत आणेल. माझी खोली राहील, आणि ती पुन्हा मांडीवर हात ठेवून बसेल.” मोरागने चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला. “मला कुठेही कामाला राहता येईल.”

हे ती अशा आवाजात म्हणाली की खरं नाही हे दोघांनाही कळावं.

गुरुवारी लॉकी शहरात गेला. वृद्धाश्रमाच्या बैठकीत चौघे म्हातारे खुर्च्यांत झोपले होते. कोपऱ्यात, दोन ओंडक्यांवर टेकवलेली फळी, तिच्या कडेला वाकडा होऊन अडकलेला आठवा खिळा, आणि तिच्यावर फक्त घरात घालायचे काळे, टणक टाचेचे बूट. एफी वाजवत होती.

लॉकी दारातच थांबला. ती गत वाजवत नव्हती. फक्त साथ वाजवत होती. डाव्या हाताचे खालचे सूर, उजव्या हाताचे उडते ठोके, आणि खाली तो पाय, दण, दण, रेडिओवरचा तोच. मध्ये जिथे फिडल असायची तिथे काहीच नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेला सांभाळून घेत होती, एका ठिकाणी किंचित थांबत होती, कोणीतरी तिथे श्वास घ्यायचा तसं. मग पुढे जात होती.

वाजवून झाल्यावर तिने मान वळवली.

“अ‍ॅलेकचा लॉकी ना तू? गुडघा कसा आहे?”

“दुखतो.”

“दुखणारच. तीस वर्षं माझ्या खळग्यात आयता बसवला होतास.”

“एफी, तू कधी सांगितलं का नाहीस? जगभर डॅनीचा पाय म्हणतात.”

“सांगू कोणाला? डॅनीचं तोंड लोकांकडे, माझं भिंतीकडे. मला फक्त पाठ होती रे.” ती हसली. “आणि तो बिचारा लाजायचा. एकदा म्हणाला, एफी, मी सांगून टाकतो. मी म्हटलं, गप्प बस, मोजे बघ आधी, बोट बाहेर आलंय.”

लॉकीने मोरागचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण तो साधा माणूस, लपवता येईना. एफीचा चेहरा हळूहळू मिटला. तिने पियानोचं झाकण खाली केलं.

“मग घेऊन जा,” ती म्हणाली. “त्या पोरीचं छप्पर जायला नको. माझं काय, शहाऐंशी वर्षं पुष्कळ वाजवलं. घे, उचल. मला वाकता येत नाही.”

तिने पाय फळीवरून उचलून प्लास्टिकवर ठेवले. टाचेचा जराही आवाज झाला नाही.

लॉकी वाकला. फळीच्या दोन्ही कडा त्याने हातांत धरल्या. आणि मग तसाच वाकलेला, कितीतरी वेळ, हललाच नाही.

६

शुक्रवारी दुपारी ह्यूच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लॉकीने काउंटरवर डॅनीचा फोटो ठेवला.

“फळी आणलीस?”

“कुठे आहे ते कळलं. आधी हा बघ.”

“हा मी रोज बघतो.”

“पायात काय आहे?”

“पाय आहे. मोजा आहे.” ह्यूने खांदे उडवले. मग चष्मा लावला. मग फोटो उजेडाला धरला. लॉकी त्याला घाई करत नव्हता. तार ओढली की ती आपली आपण जागेवर बसायला वेळ घेते. हळूहळू त्याने एकेक गोष्ट पुढे मांडली: आईचा झाडू, टाचेचा आवाज, पियानोची जुनी जागा, आपला गुडघा. शेवटी एफी, आणि सगळ्यात शेवटी मोराग.

ह्यू खिळ्यांच्या पेटाऱ्यावर बसला.

“बारा वर्षं,” तो म्हणाला. “बारा वर्षं मी लोकांना तिथे पाय ठेवायला लावले. पत्रकं छापली. लॉकी, मी स्वतः... बायको गेल्यापासून मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे जाऊन खुर्चीत बसायचो. पाय ठेवायचो. हिवाळ्यात बंद असतं तेव्हा फार जड जायचं.” त्याने नाक पुसलं. “बरं वाटायचं रे. कोणीतरी आधी बसून गेलंय असं.”

“बसून गेलंच होतं.”

“पण डॅनी नाही!”

“नाही. एफी.”

ह्यूने फोटो पालथा ठेवला. “पोलिसांना बोलावलं तर हे सगळं बाहेर येईल,” तो शेवटी म्हणाला.

“येईल.”

“आणि नाही बोलावलं तर मी एक नवी फळी ठोकून, त्यात खळगे कोरून, शनिवारी सगळ्यांना पाय ठेवायला सांगू शकतो. आर्चीला सांगितलं तर एका हातानेही कोरून देईल.”

“देईल,” लॉकी म्हणाला. “तुला तिथे रोज सकाळी बसवेल का?”

ह्यूने दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली, ‘बंद’, आणि मागच्या खोलीत गेला. करवतीचा आवाज यायला लागला. काय कापतोय हे विचारायचं धैर्य लॉकीला झालं नाही.

शनिवारी तीस माणसं आली. आर्ची जो प्लास्टर झोळीत घालून आला, साठ वर्षांत पहिल्यांदा. पंचवीस जोड बूट, पाच जोड चपला दाराशी लागल्या. मोरागने मागच्या खोलीत पेटी बांधून ठेवली होती आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, गळ्यातली किल्लीची दोरी आधीच काढून मुठीत धरलेली. लॉकी तिच्या शेजारी उभा राहिला.

खड्डा तसाच होता. त्याच्याभोवती चार ताजे कापलेले खुंट, त्यांना दोरी. पियानो पुन्हा जुन्या भिंतीला लावलेला. डॅनीची खुर्ची बाजूला, त्याच्या फोटोखाली. आणि दोरीला पाटी, ह्यूच्या जाड्या हाताने रंगवलेली:

‘एफी अ‍ॅलन रोरी मॅक्लेनन इथे बसून वाजवत. रेडिओवरचा पाय त्यांचा. फळी सध्या वापरात आहे.’

माणसं पुढे सरकून पाटी वाचू लागली. मग आर्ची जो हसला, एकटाच, मोठ्याने, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

“म्हणजे फळी चोरीला गेली नाही?” मिस प्रॅटने विचारलं.

“नाही,” ह्यू म्हणाला. त्याने मोरागकडे पाहिलं नाही. पण तिच्या मुठीकडे पाहिलं, आणि मानेने ‘ठेव’ अशी खूण केली. मोरागने दोरी पुन्हा गळ्यात घातली. “समितीने पोचती केली. मोरागच्या हाती.”

“कुठे?”

“ते सांगायचं नाही. बाईंना गर्दी आवडत नाही.”

मिस प्रॅट पाटीकडे पाहत राहिली. तिने येताना नवे मोजे घालून आणले होते, खास खळग्यांसाठी.

“मग परत कधी येईल?”

ह्यूने घसा साफ केला.

“त्यांचं वाजवून झालं की,” तो म्हणाला. “आणि इथे घाई कोणालाच नाही.”